अवांतर धरल्याशिवाय एकूण जुळत नाही: संघाचा हंगाम आणि चौथीचे गणित

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली मुलगी चौथीत आहे. २०२५ च्या महिला क्रिकेट विश्वचषकापासून तिला भारतीय संघाचे वेड लागले असून खेळाडूंच्या धावा तिला तोंडपाठ असतात. मात्र हातच्याची वजाबाकी समोर आली की ती पेन्सिल खाली ठेवते. संघाच्या सामन्यांतूनच तिला गणित शिकवता येईल का, सुरुवात कोठून करावी आणि हे कुठवर नेता येईल, असे आपण विचारले आहे.

सांगली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी सत्तावीस वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवत आले आहे आणि त्यांपैकी बरीच वर्षे क्रिकेट व कबड्डी यांचा आधार घेत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते, की हे शिकवता येते. परंतु त्याचा उपयोग बहुतेक पालक समजतात त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी होतो. सामन्यामुळे गणिते ‘मजेदार’ होतात, हा त्याचा मुख्य फायदा नव्हे. मुलाला एखादी संख्या जुळलीच पाहिजे असे मनापासून वाटू लागते, हा खरा फायदा आहे. पुस्तकातल्या उदाहरणाचे उत्तर २६२ आले काय किंवा २७७ आले काय, मुलाचे त्यात काही अडत नाही. आपल्या संघाची धावसंख्या चुकली तर मात्र त्याला चैन पडत नाही.

हे मला कळले ते २०११ साली. वानखेडेवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना २ एप्रिलला झाला आणि शाळा भरली तेव्हा एका मुलाने धावफलक छापलेले वर्तमानपत्र घडी घालून दप्तरातून आणले होते. मी फळ्यावर भारताच्या फलंदाजांच्या धावा लिहिल्या: सेहवाग ०, तेंडुलकर १८, गंभीर ९७, कोहली ३५, धोनी नाबाद ९१, युवराज नाबाद २१. बेरीज करायला सांगितली. बहुतेकांचे उत्तर २६२ आले आणि वर्गात गलका झाला, कारण भारताने २७७ धावा केल्या हे प्रत्येकाला ठाऊक होते. काहींनी तीन-तीनदा बेरीज केली. “बाई, पेपरात चूक आहे,” असे एकाने ठामपणे सांगितले. शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलीने वर्तमानपत्र डोळ्यांजवळ नेले आणि सगळ्या नावांच्या खाली बारीक अक्षरांत छापलेला शब्द वाचला: अवांतर १५. मी तो मुद्दामच गाळला होता. वाइड, बाय, लेगबाय या धावा कोणाच्याच नावावर नसतात, पण संघाच्या असतात, हे त्या दिवशी कोणाला समजावून सांगावे लागले नाही. तीन-तीनदा ताळा करून पाहण्याची अशी ओढ मी त्याआधी वर्गात पाहिली नव्हती.

त्याच मुलीने नंतर बेरीज तोंडी करून दाखवली. सत्त्याण्णवला शंभर व्हायला तीन हवेत, ते अठरातून घेतले की शंभर आणि पंधरा; पस्तीस आणि अवांतर पंधरा मिळून पन्नास; एक्क्याण्णव आणि एकवीस मिळून एकशे बारा. एकूण २७७. उभी मांडणी न करता संख्या सोयीप्रमाणे फोडून जुळवण्याची ही पद्धत मी तिला शिकवलेली नव्हती. यावरून खेळाडूपेक्षा संघ का निवडावा, हेही लक्षात येईल. एकट्या खेळाडूच्या धावा म्हणजे एक सुटी संख्या असते. संघाच्या धावसंख्येत भाग आणि पूर्ण यांचे नाते असते, आणि प्राथमिक गणिताचा मोठा हिस्सा त्या नात्यावर उभा आहे.

म्हणून सुरुवात एका वहीपासून करावी. एक संघ निवडावा आणि हंगाम संपेपर्यंत तोच ठेवावा. दर सामन्याला एक ओळ पुरते: तारीख, प्रतिस्पर्धी, आपल्या धावा, त्यांच्या धावा, फरक. याखेरीज आणखी एक रकाना असावा आणि तो सामना सुरू होण्याआधी भरलेला असावा: आपल्या किती धावा होतील याचा मुलीचा अंदाज. पहिल्या दोन-तीन सामन्यांत मुले पाचशे, हजार असे काहीही लिहितात. चौथ्या-पाचव्या सामन्यापासून ती मागच्या ओळी पाहून लिहू लागतात आणि विसाव्या षटकाशी शंभर धावा असतील तर पन्नासाव्या षटकाला साधारण किती होतील, असा विचार त्यांच्या बोलण्यात येतो. हे प्रमाणाचे गणित आहे. पुस्तकात त्याचा धडा यायला अजून अवकाश असतो, त्यामुळे त्याला नाव देण्याची घाई करू नये.

आता आपल्या मुलीच्या मुख्य अडचणीकडे येते, कारण नेमक्या तिथेच क्रिकेटने मला सर्वांत जास्त साथ दिली आहे. हातच्याची वजाबाकी येत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा मुलाला पायऱ्या आठवत नसतात असे नाही; शेजारून ‘एक घेतला’ की त्याचे दहा का होतात, हे त्याला पटलेले नसते. पटलेले नसले तरी वीस-पंचवीस गणिते पाठांतरावर निघून जातात आणि मग ३०० मधून १४७ वजा करायची वेळ आली की सगळे कोसळते. यावर माझा उपाय षटकांचा आहे.

२०२५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत, ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या आणि भारताने ४८.३ षटकांत ५ बाद ३४१ धावा करून सामना जिंकला. पन्नासपैकी किती षटके शिल्लक राहिली, हा प्रश्न मी पाचवीच्या वर्गाला विचारला. दशांश अपूर्णांकांची नुकतीच ओळख झालेल्या मुलांनी ५० मधून ४८.३ वजा करून १.७ असे उत्तर दिले, आणि वजाबाकी म्हणून ते बिनचूक होते. मी एवढेच विचारले, “एक षटक आणि सात चेंडू? सातवा चेंडू कोण टाकणार?” क्षणभर वर्ग शांत झाला आणि मग एकदम अनेक हात वर आले. धावफलकातला तो टिंब दशांशचिन्ह नाही. त्याच्या डावीकडे षटके आहेत आणि उजवीकडे चेंडू, आणि सहा चेंडू झाले की षटक पुरे होते. म्हणून पन्नास षटकांतले एक षटक मोडायचे. राहिली एकोणपन्नास षटके आणि सहा चेंडू. त्यांतून अठ्ठेचाळीस षटके तीन चेंडू गेले की एक षटक तीन चेंडू, म्हणजे नऊ चेंडू उरतात.

एक षटक मोडले की सहा चेंडू मिळतात, एक तास मोडला की साठ मिनिटे, एक डझन मोडले की बारा नग, आणि एक दशक सुटे केले की दहा एकक. हे चार प्रसंग एका दुपारी शेजारी शेजारी मांडावेत. हातचा म्हणजे उसनवारी नव्हे, मोठ्या मापाचे लहान मापात सुटे करणे आहे, हे मुलाला त्यातून दिसते. दुकानात नोट मोडताना आपली मुलगी हे पाहतच असते. माझा आग्रह असा, की घरच्या वहीत ४८.३ असे न लिहिता ‘४८ षटके ३ चेंडू’ असेच लिहावे. निदान पाचवीत दशांश पक्के होईपर्यंत तरी टिंब टाळावा; नाहीतर दशांशच्या धड्यात गोंधळ होतो आणि त्याचा दोष खेळावर येतो.

याला जोडून एक बारीक गोष्ट सांगते. त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने ७ बाद २९८ धावा केल्या आणि दक्षिण आफ्रिकेचा डाव ४५.३ षटकांत २४६ धावांवर आटोपला. तीन चेंडू म्हणजे अर्धे षटक, तेव्हा हा डाव साडेपंचेचाळीस षटकांचा झाला. मी मुलांना विचारले, की साडे चालते तर सव्वा का चालत नाही? बराच वेळ विचार करून एक मुलगा म्हणाला, “बाई, दीड चेंडू टाकता येत नाही.” षटकाचा अर्धा होतो, तृतीयांश होतो, षष्ठांश होतो, पण पाव होत नाही. कारण सहाला दोनाने, तिनाने आणि सहाने पूर्ण भाग जातो, पण चाराने जात नाही. विभाजक ही संकल्पना मी याहून सोप्या रीतीने कधी शिकवलेली नाही. सव्वा, दीड, पावणेदोन, साडेतीन हे शब्द आपल्या भाषेत आयते आहेत. अपूर्णांक शिकवताना आपण ते जितके वापरायला हवेत तितके वापरत नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर मराठी संख्यानामांविषयीही लिहिते. ‘एकोणऐंशी’ ऐकून ८९ लिहिणारी मुले दरवर्षी भेटतात, कारण शब्दात ऐंशी ऐकू येते आणि संख्या मात्र सत्तरच्या घरातली असते. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद ही नावे पुढच्या दशकातून एक उणे करून बनलेली आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीस याबरोबर ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा मोठा वाद झाला होता. त्या वादात न शिरता मी इतकेच म्हणेन, की ही नावे तक्ता पाठ करून जितकी पक्की होतात, त्याहून लवकर सामन्याचे मराठी समालोचन ऐकून होतात. ‘एकोणपन्नासवर खेळत आहे’ असे कानावर पडले की अर्धशतकाला एकच धाव हवी, हे मुलाला शब्द ऐकताक्षणी कळते. नाव आणि ‘एक कमी’ हा त्याचा अर्थ दोन्ही एकदम मनात बसतात. मुलगी इंग्रजी माध्यमात शिकत असेल तर घरी धावसंख्या आवर्जून मराठीतून बोलावी.

पाठलागाच्या वेळी वजाबाकीची दुसरी बाजू दिसते. समजा २७५ धावा हव्या आहेत आणि १८७ झाल्या आहेत. मांडणी न करता मूल पुढे मोजत जाते: तेराने दोनशे, मग पंच्याहत्तर, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. किराणा दुकानदार सुटे पैसे परत देताना हेच करतो. ही पद्धत वहीत अवश्य चालू द्यावी. उभी वजाबाकी नंतर ताळा म्हणून करावी. प्रतिस्पर्ध्याच्या धावांपेक्षा लक्ष्य एकाने अधिक का असते, हेही तिला विचारावे. याचे उत्तर देताना बरोबरी आणि विजय यांतला फरक तिला शब्दांत मांडावा लागतो आणि ‘पेक्षा मोठे’ व ‘बरोबर’ ही चिन्हे तिला आपोआप हवीशी होतात.

गुणाकारासाठी चौकार-षटकार सगळेच वापरतात. ४ आणि ६ चे पाढे त्यातून पक्के होतात, पण तिथे थांबू नये. उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या, त्यांत १४ चौकार होते आणि एकही षटकार नव्हता. चौकारांच्या धावा छप्पन्न. म्हणजे एकाहत्तर धावा तिने पळून काढल्या. दोन क्रीजमधले अंतर सुमारे अठरा मीटर धरले, तर स्वतःच्या धावांसाठी ती ७१ × १८, म्हणजे १२७८ मीटर पळाली. सव्वा किलोमीटरहून जास्त. साथीदाराच्या धावांसाठीचे पळणे यात धरलेलेच नाही. आम्ही शाळेच्या मैदानात अठरा मीटरवर दोन रेघा आखल्या आणि मुलांना हातात बॅटीएवढी काठी घेऊन ये-जा करायला लावली. वीस फेऱ्यांतच बहुतेक जण बसले. त्यानंतर १२७८ या संख्येकडे पाहण्याची त्यांची नजर वेगळी होती. आपल्या गल्लीतही हे करता येईल. अठरा मीटर मोजण्यासाठी मोजपट्टी मुलीच्याच हातात द्यावी.

घरात पहिली-दुसरीतले धाकटे भावंड असेल तर त्याच्यासाठी क्रिकेट मोठे पडते. त्याला कबड्डी द्यावी. सात खेळाडू, एकेक गुण, आणि तीसेक गुणांपर्यंत जाणारी बेरीज. मार्च २०२४ मध्ये झालेल्या प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सवर २८–२५ असा विजय मिळवला होता. दुसरीच्या मुलाला एवढ्या संख्या पेलतात. मैदानावर चार दिसत आहेत, तर बाहेर किती बसले आहेत? पाच दिसत असतील तर? सातच्या सगळ्या जोड्या अशा बोटे न मोजता तयार होतात. खेळाडू बाद केला की एक गुण मिळतो आणि आपला एक जण आत येतो, पण बोनसच्या गुणाने कोणी आत येत नाही. लोण चढले, म्हणजे समोरचे सगळे बाद झाले, की दोन गुण जादा मिळतात आणि लोण बसलेल्या संघाचे सातही जण पुन्हा आत येतात. गुणांची मोजणी आणि माणसांची मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धरून ठेवणे सात वर्षांच्या मुलाला सोपे नसते. आमच्याकडे त्यासाठी चिंचोके पुरले: सात चिंचोके एका वाटीत, गुणांच्या रेघा पाटीवर.

सरासरीकडे पाचवीच्या सुरुवातीला वळावे आणि तेव्हाही भागाकारापासून सुरुवात करू नये. पाच सामन्यांतल्या धावा १६०, १४०, १७०, १५० आणि १८० असतील, तर दहा धावांना एक चिंचोका अशा पाच ओळी मांडाव्यात आणि मुलीला त्या सारख्या करायला सांगावे. ती लांब ओळीतले चिंचोके आखूड ओळींत सरकवते आणि प्रत्येक ओळीत सोळा येतात. सरासरी म्हणजे हे सपाटीकरण. भागाकार त्यानंतर दाखवावा. एक सावधगिरी मात्र हवी. फलंदाजाची सरासरी धावांना डावांच्या संख्येने भागून काढत नाहीत, तर तो किती वेळा बाद झाला त्या संख्येने भागून काढतात. नाबाद डावांमुळे ती पुस्तकातल्या सरासरीशी जुळत नाही आणि मूल नाहक गोंधळते. म्हणून सरासरी संघाच्या धावांची काढावी. निव्वळ धावगती, म्हणजे षटकामागे काढलेल्या आणि दिलेल्या धावांतला फरक, सहावी-सातवीसाठी राखून ठेवावी.

आता एक चूक सांगते, जी माझ्या हातून झाली आणि जी पालकांकडून हमखास होते. २०११ च्या त्या दिवसानंतर मी इतकी उत्साहित झाले, की प्रत्येक सामन्यावर वीस-वीस उदाहरणांचे कागद तयार करू लागले. महिनाभरात मुलांनी वर्तमानपत्र आणणे बंद केले. एका मुलाने मला सांगितले, की सामना बघतानाही आता गणिते दिसतात आणि मजा येत नाही. ते ऐकून मला फार वाईट वाटले. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की एका सामन्यामागे एकच प्रश्न, तोही सामना संपल्यावर. शेवटच्या षटकांत तर काहीही विचारू नये. त्या वेळी दर चेंडूला किती धावा हव्यात, हे ती स्वतःच मनात करत असते आणि त्यात आपण बोलण्यासारखे काही नसते. संघ हरला तर त्या दिवशी वहीत फक्त ओळ भरावी. प्रश्न दुसऱ्या दिवशी.

अंदाजाच्या रकान्यात पैसा येऊ देऊ नये, हेही स्पष्टपणे लिहिते. संघ निवडून पैसे लावायला लावणारी ॲप २०२५ मध्ये कायद्याने बंद झाली, पण मुलांनी ती घरात पाहिलेली असतात. अंदाज चुकला तर त्याची किंमत एवढीच असावी, की पुढच्या वेळी अधिक विचार करायचा.

या मार्गाने सगळे गणित होत नाही. भागाकाराची मांडणी, भूमितीचे बहुतेक भाग आणि मोठ्या संख्यांचे वाचन यांसाठी पुस्तक आणि रोजचा सराव लागतोच. वर्गात काही मुलांना खेळात मुळीच रस नसतो. त्यांच्यावर तो लादला तर गणिताबरोबर खेळाचाही तिटकारा येतो. आपल्या मुलीची ओढ आधीपासून आहे, म्हणून मी एवढे सविस्तर लिहिले.

आपण शेवटी विचारले आहे, की महिला प्रीमियर लीगचा हंगाम वहीसाठी योग्य आहे का. योग्य आहे, डाव वीस षटकांचा, म्हणजे १२० चेंडूंचा असतो आणि संख्या चौथीला झेपतात. या स्पर्धेत पाच संघ असतात आणि साखळीत प्रत्येक संघ बाकीच्या प्रत्येकाशी दोनदा खेळतो. हंगाम सुरू होण्याआधी तिला एवढेच विचारावे, की साखळीत एकूण सामने किती होतील. प्रत्येक संघाचे आठ आणि संघ पाच, म्हणून ती चाळीस म्हणेल. तिला थांबवू नये. वेळापत्रक तिच्या हातात द्यावे आणि मोजू द्यावे. वीसच सामने भरले की ती प्रथम आपण चुकून पाने गाळली असे समजून पुन्हा मोजेल. मग आपल्या संघाचा एखादा सामना दुसऱ्या संघाच्या यादीतही सापडला, की प्रत्येक सामना आपण दोनदा मोजला हे तिला कळेल आणि वहीच्या पहिल्या पानावर काय लिहायचे ते तिला सांगावे लागणार नाही.